तीन राजांच्या सणाला उघडलेले दार : डॉ. मारिया माँटेसरी



माँटेसरी हा शब्द आपण सर्वांनीच कुठल्या ना कुठल्या बालवाडीच्या पाटीवर वाचलेला आहे. पुष्कळांना ते एखाद्या परदेशी पद्धतीचे नाव वाटते, काहींना जरा जास्त फी घेणाऱ्या शाळेचे! खरे तर ते एका बाईचे आडनाव आहे. ही बाई इटलीची, जन्माने आणि श्रद्धेने कॅथलिक, शिक्षणाने डॉक्टर. मूल आईच्या पोटात असल्यापासून ते मिसरूड फुटेपर्यंत त्याच्या मनात काय काय घडते, हे पाहण्यात तिने आयुष्य घातले. आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यात एक मूल होते, ज्याला तिला बरीच वर्षे आपले म्हणता आले नाही. ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून आज ती सविस्तर सांगत आहोत.

मारियाचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या कियाराव्हाले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी अर्थखात्यात अधिकारी, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली, भाविक. रोज थोडे विणकाम गरिबांसाठी झालेच पाहिजे, असा तिचा एकुलत्या एका लेकीला नियम होता. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आले. मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, असा तो काळ. मारियाने मात्र तेराव्या वर्षी तांत्रिक शाळेत नाव घातले, कारण तिला इंजिनियर व्हायचे होते. पुढे मन बदलले आणि तिने वैद्यकशास्त्र निवडले. वडिलांना हे मुळीच रुचले नाही, आई पाठीशी उभी राहिली.

रोमच्या विद्यापीठात मुलांबरोबर एकत्र शवविच्छेदन करण्याची तिला परवानगी नव्हती. सगळे निघून गेल्यावर, संध्याकाळी, ती एकटी प्रेतांच्या खोलीत काम करी. 1896 साली ती डॉक्टर झाली. इटलीतील अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी ती एक.

येथून पुढे आपण त्यांना मारियाबाई म्हणू.

विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करताना त्यांना रोमच्या मनोरुग्णालयात जावे लागे. मतिमंद असा शिक्का बसलेली लहान मुले त्या काळी मोठ्या मनोरुग्णांबरोबरच कोंडलेली असत. एका उघड्याबोडक्या खोलीतली मुले जेवण झाल्यावर जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचत, चिवडत बसत. राखण करणारी बाई त्यांना हावरट समजून वैतागे. मारियाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. तिथे मुलांच्या हाताला धरायला, उचलायला, खेळायला दुसरी एकही वस्तू नव्हती. ही भूक पोटाची नव्हती, हातांची होती, हे त्यांच्या लक्षात आले. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी पूर्वी केलेले काम त्यांनी वाचून काढले, साधने बनवून घेतली आणि त्या मुलांना शिकवू लागल्या. त्यांतली काही मुले पुढे वाचायला-लिहायला शिकून इतर मुलांच्या बरोबरीने परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले. मारियाबाईंना मात्र दुसराच प्रश्न छळू लागला. ही मुले जर एवढी मजल मारू शकतात, तर आपल्या शाळांतली धडधाकट मुले इतकी मागे का? त्यांना कोण अडवून धरते आहे?

याच काळात त्यांच्या आयुष्यात ती गोष्ट घडली. बरोबर काम करणारे डॉ. जुझेप्पे मोंतेसानो यांच्याशी त्यांचे प्रेम जुळले आणि 31 मार्च 1898 रोजी त्यांना मुलगा झाला. मारिओ. लग्न झालेले नव्हते. हे बाहेर पडले असते तर त्यांचे काम, नाव, सगळेच संपले असते. लग्न केले असते तरी त्या काळी बाईला बाहेरचे काम सोडून घरीच बसावे लागले असते. बाळ गुपचूप रोमबाहेर खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढवायला दिले गेले. 1901 साली मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केले. मारियाबाईंनी दोघांनी मिळून चालवलेली संस्था सोडली आणि पुन्हा विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून जाऊन बसल्या. अधूनमधून त्या खेड्यात जात, मुलाला पाहून येत. ही पाहुणी कोण हे त्याला सांगितलेले नव्हते.

त्यांचा न्याय करणे सोपे आहे. ज्या बाईने जगाला सांगितले की बाळाला आईपासून तोडू नका, तिनेच आपले बाळ दुसऱ्याच्या हाती दिले, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण त्या काळी अशा आईला जवळ करायला कोण पुढे आले असते? समाज नाही, आणि आपण धार्मिक माणसेही बहुधा नाहीच.

1906 च्या सुमारास रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका कंपनीने पडक्या इमारती दुरुस्त करून कामगारांना राहायला दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की लहान मुले जिने-भिंती खराब करत. त्यांना दिवसभर एका खोलीत सांभाळायला कोणीतरी हवे होते. एवढाच हेतू! भिंती वाचवायच्या. हे काम एका नावाजलेल्या डॉक्टरबाईंनी स्वीकारले याचे लोकांना आश्चर्य वाटले. 6 जानेवारी 1907 रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, तिथे मुलांचे घर उघडले. इटालियन भाषेत कासा देई बाम्बिनी. तीन ते सहा वर्षांची पन्नासएक मुले, एकसारखे जाड कपडे घातलेली, बुजलेली, कित्येक रडणारी. मारियाबाईंनी त्या सणाच्या उपासनेतील वाचन वाचलेले होते. यरुशलेमवर प्रकाश उगवल्याचे आणि दूरदूरचे लोक त्या प्रकाशाकडे येत असल्याचे ते वाचन आपणही दरवर्षी ऐकतो. तो दिवस त्यांना शुभशकुनासारखा वाटला, आणि उद्घाटनाच्या भाषणात त्या स्वतःलाच नवल वाटावे इतके भरभरून बोलल्या.

हाताशी शिकलेली शिक्षिका नव्हती. त्याच वस्तीतली एक साधी तरुणी होती. मारियाबाईंनी तिला फार सूचना दिल्या नाहीत. साधने कशी दाखवायची तेवढे सांगितले आणि स्वतः बाजूला बसून पाहू लागल्या. त्यांचे सगळे शास्त्र या बाजूला बसण्यातून निघाले.

एके दिवशी तीनएक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील भोकांत लहानमोठे दट्टे बसवत होती. बसवायचे, काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे. मारियाबाई मोजू लागल्या. मग त्यांनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. मुलगी ढळली नाही. त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. मुलीने ठोकळा मांडीत घट्ट धरला आणि काम चालू ठेवले. चाळीसहून अधिक वेळा ते केल्यावर ती थांबली, एखाद्या गाढ झोपेतून उठावे तशी, आणि आनंदाने इकडेतिकडे पाहू लागली. लहान मुलाचे लक्ष एका जागी टिकत नाही, असे आपण धरून चाललेलो असतो. टिकत नाही ते बहुतेक वेळा आपण दिलेल्या कामावर.

दुसऱ्या एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे ते शिकवले. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसे पुसायचे. मुले हसतील असे त्यांना वाटले होते. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला! मारियाबाई विचारात पडल्या. शेंबूड पूस म्हणून या मुलांवर आजवर सगळे ओरडले होते, पण तो कसा पुसायचा हे शांतपणे कोणी दाखवले नव्हते. मुलांना अपमान कळतो, हे त्या दिवशी त्यांना कळले. आपल्या घरातही हा प्रसंग रोज घडतो, टाळ्या सोडून.

शांततेची गोष्ट तर आपण ख्रिस्तमंदिरात जाणाऱ्यांनी ऐकावी अशी आहे. मारियाबाईंनी एकदा अंगणात भेटलेले चार महिन्यांचे बाळ वर्गात आणले. कपड्यात गुंडाळलेले, निवांत. त्याच्यासारखे गप्प राहून दाखवा पाहू, असे त्या मुलांना गमतीने म्हणाल्या. पाय हलू नयेत, श्वासाचाही आवाज येऊ नये. पन्नास मुले स्तब्ध झाली. बाहेरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. पुढे मुले स्वतःहून हा शांततेचा खेळ मागू लागली. दर रविवारी मिस्सेच्या वेळी मागच्या बाकांवरून चूप, चूप असा आवाज येत असतो. शांतता ही मुलांना आवडणारी गोष्ट असू शकते, हे आपल्याला अजून पटलेले नाही.

आयांनी मुलांना अक्षरे शिकवा म्हणून विनंती केली, तेव्हा पॉलिश पेपर कापून अक्षरे करण्यात आली. मुले त्यांवरून बोट फिरवत. लिहायला कोणी सांगितले नव्हते. पहिल्याच वर्षी डिसेंबरात, गच्चीवर कोवळे ऊन असताना, त्यांनी एका मुलाला खडूने धुराडे काढायला सांगितले. त्याने ते फरशीवर काढले आणि मग आपले आपण एक शब्द लिहिला. मला लिहिता येते म्हणून तो ओरडत सुटला. ते पाहून दुसऱ्याने लिहिले, मग तिसऱ्याने. सगळ्या घरात लिहिण्याची लाट आली. ही बातमी देशोदेशी गेली. 1909 साली मारियाबाईंचे पहिले मोठे पुस्तक निघाले आणि परदेशांतून माणसे ही मुले पाहायला रोमला येऊ लागली. त्याआधी, 1908 च्या मेस्सिना भूकंपात अनाथ झालेल्या मुलांना रोममध्ये मरियेच्या फ्रान्सिस्कन मिशनरी सिस्टरांनी आपल्या मठात ठेवून घेतले होते. भेदरलेली ती मुले या पद्धतीने हळूहळू हसू-खेळू लागली. सिस्टर लोकांनी ही पद्धत अशी फार लवकर आपलीशी केली होती.

1912 च्या डिसेंबरात मारियाबाईंची आई वारली. त्यानंतर थोड्याच काळात मारिओ त्यांच्याकडे आला. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याने स्वतः पुढे सांगितले की त्यांची भेट झाली तेव्हा त्यानेच त्यांना ओळखले आणि तू माझी आई आहेस हे मला ठाऊक आहे, असे सांगून त्यांच्याबरोबर निघाला. तेव्हापासून तो मरेपर्यंत त्यांच्या कामात राहिला. लोकांत मात्र त्याची ओळख भाचा किंवा मानलेला मुलगा अशीच करून दिली जाई.

मुलाच्या वाढीबद्दल मारियाबाईंचे म्हणणे काय होते, ते आता पाहू. त्यांच्या मते माणूस दोनदा गर्भात असतो. एकदा आईच्या उदरात, तिथे त्याचे शरीर घडते. दुसऱ्यांदा जन्मानंतर, घराच्या आणि माणसांच्या कुशीत, तिथे त्याचे मन घडते. या दुसऱ्या घडणीसाठी त्यांनी आपल्याच ख्रिस्तसभेचा शब्द उचलला, देहधारणा. बाळ म्हणजे नुसता मांसाचा गोळा नसून आत एक आत्मा हळूहळू त्या शरीराचा ताबा घेतो आहे, असे त्यांना म्हणायचे होते. पोटातल्या बाळालाही मनाचे काही जीवन असावे, म्हणून गरोदर आईच्या मनाची शांती ही घरातल्या सर्वांची जबाबदारी आहे. जन्म हा बाळाला मोठा धक्का असतो. ऊब, अंधुकता आणि आईचा स्पर्श यांतून ते एकदम झगझगीत उजेडात आणि परक्या हातांत येते. बाळंतिणीची सगळे काळजी घेतात, बाळाकडे मात्र वस्तूसारखे पाहिले जाते, अशी त्यांची तक्रार होती. खोली शांत हवी, उजेड मंद हवा, बाळ आईजवळ हवे. आपल्या आज्या बाळंतिणीच्या खोलीला पडदा का लावत आणि बघ्यांना दाराबाहेर का ठेवत, ते आठवून पाहा. आता बाळ तासाचे झाले नाही तोच मोबाईलचा फ्लॅश त्याच्या डोळ्यांवर चमकतो!

पहिल्या सहा वर्षांतल्या मनाची त्यांनी स्पंजासारखी कल्पना केली. मूल भाषा शिकत नाही, ती पिते. म्हणून बाळाला घरी कोंडून ठेवण्यापेक्षा बाजारात, शेतावर, जिथे आई जाईल तिथे कडेवर नेणाऱ्या साध्या बायका त्यांना अधिक शहाण्या वाटत. या वयात ठराविक गोष्टींसाठी ठराविक काळ येतात आणि जातात. चालण्याचा, बोलण्याचा, बारीकसारीक वस्तू न्याहाळण्याचा. सर्वांत नवलाचा म्हणजे व्यवस्थेचा. नेपल्सजवळच्या एका भुयारातून मंडळी चालली होती. दीडएक वर्षाचे एक मूल थकले म्हणून आईने त्याला उचलले. तिला उकडत होते, म्हणून तिने कोट काढून हातावर टाकला होता. मूल किंचाळू लागले. प्रत्येकाने समजूत घातली, कोणी रागावले, कोणी घ्यायला हात पुढे केले. मारियाबाईंनी आईला एवढेच सुचवले की कोट पुन्हा अंगात घालून पाहा. तिने घातला आणि मूल क्षणात शांत झाले. कोट अंगात असतो, हातावर नसतो! जग जसे असायला हवे तसे ते नव्हते, म्हणून ते रडत होते. आपण त्याला हट्ट म्हणतो.

सहाव्या वर्षानंतर दुधाचे दात पडतात आणि मूलही बदलते. ते काटक होते, दंगेखोर होते, टोळी करून हिंडते. अमुक काय, हे विचारणारे मूल आता ते तसे का, असे विचारू लागते. बरोबर-चूक, न्याय-अन्याय यांचे त्याला वेड लागते. त्याने दुसऱ्याची चहाडी केली की आपण त्याला झापतो. मारियाबाई म्हणत, ते चहाडी करत नसते, हे चूक आहे ना याची खात्री करून घेत असते. या वयाच्या मुलापुढे सगळी सृष्टी ठेवा, तारे, ज्वालामुखी, माणसाचा इतिहास. तुकडे तुकडे करून विषय भरवू नका.

आणि मग पौगंडावस्था. बारा ते अठरा. मारियाबाईंच्या मते हे वय नवजात बाळाइतकेच नाजूक असते. पहिल्या खेपेला शरीराने जन्मलेला जीव आता समाजात जन्माला येत असतो. शरीर झपाट्याने वाढत असते, आजारपणे येतात, मन हळवे होते, स्वतःविषयी शंका येते. नेमक्या याच वेळी आपण त्याच्या पाठीवर सर्वांत जड दप्तर ठेवतो आणि दहावीचे भूत उभे करतो. त्यांनी वेगळीच योजना मांडली. मुलांना काही काळ घरापासून दूर, शेतावर राहू द्यावे. त्यांनी पिकवावे, पिकवलेले विकावे, दुकान चालवावे, पाहुण्यांची सोय पाहावी, हिशेब ठेवावा. पैसे मिळवणे हा हेतू नव्हे. माझी कोणाला तरी गरज आहे, माझ्या हातांना किंमत आहे, हे त्या मुलाला कळावे. अशी शाळा त्यांना स्वतःला उभी करता आली नाही. दृढीकरण संस्कार झाला की आपली मुले चर्चच्या आवारात दिसेनाशी होतात, अशी चर्चा पालकांच्या प्रत्येक सभेत होते. त्यांच्यावर आपण कोणते खरे काम सोपवतो, हे त्या सभेत कोणी विचारलेले ऐकिवात नाही. खुर्च्या लावणे सोडून.

मारियाबाईंच्या श्रद्धेविषयी थोडे. 1915 नंतर त्यांचे काम स्पेनमधील बार्सिलोना शहरात वाढले. तेथे एका धर्मगुरूंच्या सहकार्याने त्यांनी मुलांसाठी उपासनेचा प्रयोग केला. छोटी वेदी, मुलांच्या उंचीची खुर्च्या-टेबले, मुलांच्या हाताला येतील अशा उपासनेच्या वस्तू. मुलांनी शेतात गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या आणि त्यातून वेदीवरील भाकर व द्राक्षारस कुठून येतो ते हातांनी अनुभवले. पहिल्या कम्युनियनची याहून चांगली तयारी कोणती असू शकेल? मिस्सेविषयी मुलांसाठी त्यांनी पुस्तकही लिहिले. या बीजातून पुढे 1954 साली रोममध्ये सोफिया काव्हाल्लेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी उत्तम मेंढपाळाची धर्मशिक्षण पद्धती सुरू केली. ती आज अनेक देशांत चालते.

तरीही ख्रिस्तसभेत त्यांच्याकडे संशयाने पाहणारे होते. मुलाला एवढी मोकळीक दिली, तर आदिपापाचे काय? पोप अकरावे पायस यांनी 1929 सालच्या शिक्षणविषयक परिपत्रकात केवळ निसर्गावर विसंबणाऱ्या शिक्षणपद्धतींवर टीका केली. त्यात मारियाबाईंचे नाव नव्हते, पण काहींनी तो रोख त्यांच्यावरच आहे असे मानले. त्यांचे उत्तर साधारण असे असे की मूल पापरहित आहे असे मी म्हणत नाही, मोठ्यांनी केलेली नासधूस मुलाच्या माथी मारू नका एवढेच म्हणते.

त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. 1924 पासून त्यांनी मुसोलिनीचा आश्रय घेतला. त्याच्या पैशावर इटलीत शाळा वाढल्या. त्याला शिस्तीत चालणारी मुले हवी होती, बाईंना स्वतः विचार करणारी. हे फार काळ जमणे शक्य नव्हते. 1934 च्या सुमारास संबंध तुटले आणि इटलीतील शाळा बंद पडल्या. जर्मनीत नाझींनी आधीच बंद केल्या होत्या. 1936 साली स्पेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा बार्सिलोनाचे घरही सुटले आणि त्या हॉलंडमध्ये राहू लागल्या. हुकूमशहाशी हात मिळवून मुलांचे भले करता येईल असे त्यांना वाटले, हा भाबडेपणा होता की महत्त्वाकांक्षा, ते ठरवणे कठीण आहे. बहुधा दोन्ही.

1939 साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्या मारिओसह भारतात आल्या. मद्रासजवळच्या अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीने त्यांना बोलावले होते. झाडाखाली, झापाच्या मांडवात तीनशेच्या आसपास शिक्षक त्यांचे व्याख्यान ऐकत. त्या इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ इंग्रजीत सांगे. थोडे दिवस राहून परतायचे होते. पण जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि माय-लेक ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रू ठरले. मारिओला आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. मारियाबाईंवर अड्यारचे आवार न सोडण्याचे बंधन आले. म्हातारपणी, परक्या देशात, ते मूल दुसऱ्यांदा त्यांच्यापासून तोडले गेले.

31 ऑगस्ट 1940 रोजी त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा मुलगा त्यांना परत देण्यात येत असल्याचे तीत कळवले होते. जे नाते बेचाळीस वर्षे झाकून ठेवले होते, ते सरकारी तारेत उघडपणे लिहिलेले होते.

युद्धामुळे त्या 1946 पर्यंत भारतातच राहिल्या, आणि पुढे 1947 मध्ये परतून 1949 पर्यंत पुन्हा होत्या. मधली दोन वर्षे कोडाईकनालच्या डोंगरावर गेली. तिथे लहान-मोठी सर्व वयांची मुले त्यांना एकत्र पाहायला मिळाली. पहिल्या तीन वर्षांवरची त्यांची सर्वांत प्रसिद्ध व्याख्याने अहमदाबादला झाली आणि त्यांचे पुस्तक 1949 साली निघाले. हजाराहून अधिक भारतीय शिक्षक त्यांच्याकडे तयार झाले. पण त्यांचे विचार त्यांच्या आधीच आपल्याकडे पोहोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक तिथे जाऊन मिळाल्या. याच ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. 1957 साली हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. इटलीची महाग लाकडी साधने आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? या दोघींनी बिया, शंख-शिंपले, खडे आणि पाने घेतली. मुले शाळेत येईनात, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आला तो असा. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. सान लोरेन्झोच्या त्या खोलीचे कोसबाडला झालेले हे रूप मूळ खोलीइतकेच मोलाचे आहे, असे मला वाटते.

शेवटची वर्षे मारियाबाई हॉलंडमध्ये होत्या. नोबेल शांतता पारितोषिकासाठी त्यांचे नाव तीनदा सुचवले गेले, मिळाले नाही. मे 1952 मध्ये त्या समुद्रकाठच्या नोर्दव्हाइक गावी मुक्कामाला होत्या. आफ्रिकेत शिक्षक तयार करायला जाण्याचा विषय निघाला होता. एक्क्याऐंशी वर्षांच्या आईने एवढ्या उन्हात जाऊ नये, असे मारिओचे मत पडले. म्हणजे आता माझा काही उपयोग उरला नाही का, असे काहीसे त्या त्याला म्हणाल्या. तो बाजूला गेला आणि तासाभराने परतला तेव्हा त्यांनी प्राण सोडला होता. तो दिवस 6 मे. त्याच गावच्या कॅथलिक दफनभूमीत त्यांना पुरले. थडग्यावर इटालियन भाषेत मुलांना उद्देशून विनंती कोरलेली आहे, की माणसांत आणि जगात शांती आणण्याच्या कामात त्यांनी आपल्याला साथ द्यावी.

मृत्युपत्र उघडले गेले. आपले जे काही होते ते त्यांनी मारिओच्या हाती सोपवले होते, आणि त्याच्या नावापुढे भाचा नव्हे, मानलेला नव्हे, माझा मुलगा असे लिहिले होते.